दिवा पाहिलेला माणूस

"पाणी गार, बर्फ वेगळा, आणि लिंबू अजिबात नको," असं मधल्या फळीपलीकडून कुणीतरी म्हणालं, आणि तिच्या हातातला गरम पंचा गार होईपर्यंत तसाच हातात राहिला. माणूस दिसत नव्हता. दिसायची गरजही नव्हती. सहा वर्षं हा आवाज तिच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर बसत होता, काचेच्या खोलीत, दोन खुर्च्या आणि एक टेबल मावेल एवढ्या जागेत. मोठ्या सभागृहांच्या मागच्या भिंतीत अशा खोल्या असतात. खाली व्यासपीठावर कुणी एका भाषेत बोलतो आणि वर काचेआड बसलेला दुभाषी तेच, त्याच वेळी, दुसऱ्या भाषेत माईकमध्ये सांगत राहतो. अर्ध्या तासापलीकडे हे काम कुणाच्या डोक्याला झेपत नाही, म्हणून जोडी असते. अर्धा तास एकाने बोलायचं, अर्धा तास दुसऱ्याने. तिची जोडी याच्याशी होती. त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण दुसऱ्याची चूक दुरुस्त केल्याशिवाय त्याच्या घशाखाली घोट उतरत नसे. तिला तो टकळी म्हणे, आणि त्याने म्हटल्यावर सगळेच म्हणू लागले. ते नाव अकरा वर्षांपूर्वी गेलं. काम गेलं त्याच दिवशी.

तिने पंचा ताटलीत टाकला आणि बसल्या जागी थोडी खाली सरकली. हे बसणं तिच्या अजून अंगवळणी पडलं नव्हतं. खुर्ची कसली, छोटी खोलीच होती ती. पाय लांब करायला गुहेसारखा कोनाडा, बुटांना वेगळा कप्पा, पातळ गादी, चादर, आणि एका पिशवीत मोजे नि बोटभर दातांचा ब्रश. उड्डाण नऊ तासांहून मोठं असेल तर दुभाष्याला बिझनेस क्लास, अशी ओळ करारात असते. उतरल्यावर दुसऱ्या सकाळी डोकं ठिकाणावर हवं म्हणून. अकरा वर्षांनी ती ओळ पुन्हा तिच्यासाठी लिहिली गेली होती. निघताना वहिनी म्हणाली होती, "वन्सं, आडवं होऊन जायचं म्हणे विमानात? मग पोचल्यावर काम कशाला करता, झोपूनच परत या!" आणि स्वतःच हसली होती. वहिनी मनाने वाईट नव्हती. पण भावाच्या घरातल्या मागच्या खोलीत, इस्त्रीला काढलेल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी टेबल मांडून, धुण्याच्या यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित करण्यात जी वर्षं गेली, त्यांत असली हसणी अंगावर पडून पडून कातडी राठ झाली होती. झाकण उघडण्यापूर्वी आतला ढोल पूर्ण थांबल्याची खात्री करा. हे वाक्य तिने किती कंपन्यांसाठी किती प्रकारे लिहिलं असेल, कोण जाणे. त्याआधी मंत्री, सेनापती, शास्त्रज्ञ तिच्या तोंडून बोलत. "मी" म्हणत ते, आणि तीही "मी"च म्हणे. दुभाष्याने "ते म्हणतात" असं कधीच म्हणायचं नसतं.

विमान वर जाऊन स्थिरावलं आणि घूं करत मधली फळी आपोआप खाली गेली. त्यानेच बटण दाबलं असणार. पांढऱ्या भुवया, वाळलेल्या सुपारीसारखा सुरकुतलेला गळा, आणि तीच ती मान तिरकी करायची लकब.

"अगं! टकळी तू?" तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की पुढच्या रांगेतल्या बाईने वळून पाहिलं. "वाटलंच मला. या बाजूला पाहिलं तर अर्धा चेहरा ओळखीचा. कुठे निघालीस?"

"बैठक आहे. नदीच्या पाण्याची."

"म्हणजे घेतलं वाटतं परत यादीत! छान, छान. माणसांची टंचाईच आहे म्हणा आता. मीही निघालोय, पण पलीकडच्या देशात. एक आठवडा. शेवटचंच काम हे. मग पाय पसरून बसणार."

तो तिच्या डोळ्यांत बघत नव्हता, जरा खाली बघत होता. तिला वाटलं दाताला काही लागलंय. तिने जीभ फिरवून पाहिली. तेवढ्यात हवाईसुंदरी जेवणाचं विचारायला आली. मास्तरने कार्डावर बोट ठेवून हवं ते दाखवलं आणि त्याच बोटाने तिच्याकडे खूण केली. "ही कोण माहीत आहे का? हिने एका वाक्यात दोन देशांची बैठक मोडली होती!"

"हो का, सर?" हवाईसुंदरी कामापुरती हसली.

"दीड दिवस! दीड दिवस सगळे प्रतिनिधी नुसते जेवत होते. हिचा माईक चालूच राहिला, आणि ही बोलून गेली. तोंड म्हणजे काय, कुलूपच नाही!"

हवाईसुंदरीने तिच्याकडे पाहिलं. तिनेही हसून दिलं. हसणं ओठांवर आलं, पण इतकी वर्षं तिने मनात घोळवलेल्या कुठल्याच प्रसंगात हे नव्हतं. तिने त्याला शरमलेला पाहिलं होतं, रस्ता बदलून जाताना पाहिलं होतं, एकदा तर आजारी, पलंगावर, तिची वाट बघताना पाहिलं होतं. गंमत म्हणून सांगताना कधीच नाही.

ती बैठक मासेमारीच्या हद्दीची होती. एका बाजूचा प्रमुख चाळीस मिनिटं बोलला, त्यातला शेवटचा अर्धा तास तिचा. चहाची घंटा झाली. तिने शेवटचं वाक्य पुरं करून माईकचं बटण दाबलं आणि हेडफोन काढला. बटण अडकलं होतं. बटणाशेजारचा लाल दिवा लागलेलाच राहिला. काचेच्या खोलीतला लेखी नसलेला पण सगळ्यांत कडक नियम असा, की बोलणाऱ्याने बोलण्याकडे बघायचं आणि शेजारी बसलेल्याने दिव्याकडे. बोलून बोलून रिकाम्या झालेल्या माणसाला दिवा दिसत नाही. शेजाऱ्याने फक्त बोट दाखवायचं असतं. एक बोट. मास्तरने दिव्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. आणि विचारलं, "काय गं टकळे, कसा वाटला तुला हा गृहस्थ?" ती म्हणाली, "खोटं बोलायलाही अक्कल लागते, मास्तर. याच्याकडे खरंही नाही नि अक्कलही नाही." खाली हेडफोन लावून बसलेल्या चौदा माणसांनी हे ऐकलं. चौदाही जण उठले. ती काचेतून बघत होती आणि तिला कळेना, हे सगळे वर मान करून आपल्याकडे का बघताहेत. चौकशीत मास्तर म्हणाला, मी कागद गोळा करत होतो, दिव्याकडे माझं लक्ष नव्हतं. कायमची जागा एकच होती, आणि पुढच्या महिन्यात ती दोघांपैकी एकाला मिळायची होती. चौकशी करणाऱ्यांना हे माहीत होतं, पण त्यांनी दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. तिने पाहिल्या. अकरा वर्षं तिने दुसरं काही पाहिलंच नाही. भांडी घासताना, दवाखान्यात रोग्यांची दुखणी डॉक्टरांना समजावताना, आईच्या उशाशी बसलेली असताना सुद्धा ती दिव्याकडे गेलेली नजर मध्येच यायची आणि हातातलं काम थांबायचं. आणि तरी पुराव्याला काही नव्हतं. एक नजर. पाव सेकंदाची. कधी कधी तिला स्वतःचीच शंका येई, की आपणच रचली का ती, जगायला काहीतरी हवं म्हणून.

जेवणं झाली. बाहेर लख्ख ऊन होतं, पण विमानाने आपली रात्र ठरवली आणि सगळ्या खिडक्या निळसर करून दिवे मालवले. मास्तर काहीतरी सांगत होता, सुनेबद्दल, की नव्या घराबद्दल. दिवे जाताच वाक्याच्या मध्येच थांबला. फळी अजून खालीच होती. त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता एक आकार उरला होता. समोर चेहरा नसला की विचारणं सोपं असतं. जे वाक्य तिने मागच्या खोलीत शेकडो वेळा म्हटलं होतं ते शेवटी खरोखरच तोंडातून बाहेर पडलं.

"मास्तर, त्या दिवशी तुम्ही दिवा पाहिला होता ना?"

आकार हलला नाही.

"पाहिला होता ना? पाहून मग मला विचारलंत."

"हो, हो," तो खेळकरपणे म्हणाला. "मासाच बरा होता. मटण जरा चिवट."

तिला आधी वाटलं, हा टाळतोय. रागाने कानशिलं तापली. मग सावकाश, एकामागून एक, गोष्टी जागेवर बसत गेल्या. कार्डावर ठेवलेलं बोट, नको तेवढा मोठा आवाज, डोळ्यांच्या खाली तिच्या ओठांवर खिळलेली नजर, दिवे जाताच तुटलेलं वाक्य. तो पलीकडे वळला, विमानाचे हेडफोन लावून सिनेमा बघू लागला, आणि त्या हेडफोनमधून एवढा आवाज बाहेर यायला लागला की नायिकेचं रडणं तिला आपल्या जागेवर ऐकू येत होतं. खात्री करायला ती थांबली. सिनेमा संपून त्याने हेडफोन काढल्यावर ती त्याच्या डोक्यामागून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मास्तर, तुमच्या पायाशी जाळ लागलाय." त्याने चादर गळ्यापर्यंत ओढली आणि सुस्कारा सोडला. तिने फळी वर केली. त्या छोट्या खोलीत, कोनाड्यात पाय घालून, चादर तोंडावर घेऊन ती हसली. अंग गदगदून, आवाज न करता हसली. मास्तर बहिरा होता. कानात यंत्र नाही, कुणाला पत्ता नाही, हेडफोनचा आवाज पूर्ण चढवून काचेच्या खोलीत कसाबसा निभावत असणार, आणि बाकीच्या जगात लोकांचे ओठ वाचत फिरत असणार. शेवटचं काम! तेही बंद पाडणं एका फोनचं काम होतं. एवढं गोड काही तिने कितीतरी वर्षांत चाखलं नव्हतं. ते जिभेवर घोळवत तिला झोप लागली, आणि गादीवर आडवी झालेली ती पहिल्यांदाच खरी आडवी झाली.

उतरल्यावर तो तिला सोडेना. "चल, बरोबरच जाऊ. दोघांनाही इथेच बदलायचंय." हा विमानतळ एवढा मोठा होता की एका इमारतीतून दुसरीत जायला आत गाडी होती. पुन्हा तपासणी, पुन्हा पट्टा काढा, बूट काढा. तपासनीस बाईने काही विचारलं की तो "अं?" करून तिच्याकडे बघे, आणि ती त्याच्याकडे तोंड करून सांगे. सरकत्या पट्ट्यावर तो तिच्या अर्धं पाऊल मागे, जरा कडेला उभा राही. तिला ही जागा ओळखीची होती. काचेच्या खोलीत ती त्याच्याशेजारी अशीच बसत असे, त्याला लागतील ते आकडे नि नावं चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवत. अकरा वर्षांनीही हा माणूस तिला फुकट वापरत होता. विश्रांतिकक्षात त्याने फलकावर आपलं दार बघितलं, बावीस, इथून चार पावलांवर, आणि तिच्यासमोरच्या खुर्चीत मासिक उघडून बसला. "काही सांगितलं तर सांग गं. मी वाचत बसलो की तंद्री लागते माझी."

"सांगते ना," ती म्हणाली.

वीस मिनिटांनी वरून आवाज आला. त्याच्या विमानाचं दार बदललं होतं. बावीस नव्हे, सात. म्हणजे या इमारतीचं पार दुसरं टोक. फलकावर अजून बावीसच होतं. तीन भाषांतून तीनदा सांगितलं. तिने कॉफीचा कप उचलला आणि कपाच्या कडेवरून समोरच्या झाडाच्या कुंडीकडे पाहत राहिली. एक बोट दाखवायचं, बस. तिने दाखवलं नाही. तिला वाटलं होतं त्याहून ते सोपं होतं. काही करावं लागतच नाही. मूग गिळून बसायचं. त्यालाही तेव्हा असंच सोपं गेलं असेल.

कप खाली ठेवला तेव्हा मास्तर उभा होता. मासिक मिटलेलं, पिशवी खांद्यावर.

"सात म्हणालीस ना?"

"मी? मी काही बोलले नाही."

"तू नाही बोललीस. तुझे ओठ बोलले." तो हसला. "कुणी काही सांगितलं की मागोमाग आपल्या भाषेत पुटपुटतेस तू. पहिल्या दिवसापासूनची खोड. किती ओरडायचो मी तुला! गाडीतही चालूच होतं तुझं, दार बंद होत आहे, दार बंद होत आहे. बरं झालं गेली नाही." आणि तिच्या खांद्यावर थोपटून तो निघाला, म्हाताऱ्या माणसाच्या मानाने बराच भरभर.

ती बसून राहिली. तिने ओठांना हात लावला. दाबून धरलेले, मिटलेले, तिचेच ओठ, आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसायचं ठरवलं तर हे गप्प बसले नव्हते. कप तोंडाशी येण्याआधीच बोलून मोकळे झाले होते. मग तिने फोन काढला. तिला यादीत परत घेणाऱ्या नव्या प्रमुख बाईंचा नंबर वरच होता, आणि मास्तरचं कामही त्यांनीच दिलेलं असणार. अंगठा नंबरावर ठेवून तिने सगळं चित्र पुढे चालवून पाहिलं. बाई चकित होतील. मास्तरला उतरताच कुणीतरी बाजूला घेईल, नम्रपणे सांगेल. तो कानांवर हात ठेवेल, मग घरी जाईल आणि पाय पसरून बसेल. सुनेला सांगेल, म्हातारपण गं, कान गेले. त्या दिव्याचं नावही कुठे येणार नाही. तिला त्याचं काम नको होतं. तिला त्याच्या तोंडून तो दिवा ऐकायचा होता. तिने फोन पिशवीत टाकला आणि सात नंबरच्या दाराची वाट धरली. तिच्या विमानाला अजून दोन तास होते.

तो खिडकीला पाठ करून बसला होता. समोरची खुर्ची रिकामी होती. ती बसली, गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जवळ, आणि आवाज अजिबात न काढता, फक्त ओठांनी, एकेक शब्द सुटा करत म्हणाली: दिवा लागलेला होता. तुम्ही पाहिलात. मग मला विचारलंत.

"अं? काय?" त्याने कानामागे हात धरला. ती सवयीची खूण होती. समोरचा मोठ्याने बोलतो आणि बोलताना तोंड मोठं उघडतो. तिने तोंड मोठं उघडलं आणि तेच पुन्हा म्हटलं. शेजारी बसलेल्या कुणालाही एक बाई तोंड हलवताना दिसली असेल, बाकी काही नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं थांबलं, मग एका बाजूने ओघळावं तसं गेलं. ती तिसऱ्यांदा सुरू करणार एवढ्यात त्याने डोळे मिटून घेतले.

बहिऱ्या माणसाला कान बंद करायचे तर एवढंच करता येतं. तिला ते कळायला एक क्षण लागला. मग ती मागे टेकून बसली. डोळे घट्ट मिटलेले होते, पापण्या थरथरत होत्या. दारापाशी पट्टा काढला गेला. आधी पुढच्या वर्गाच्या प्रवाशांना बोलावलं, म्हणजे त्यालाच. तो हलला नाही. मग लहान मुलं असलेल्यांना, मग बाकीच्यांना. रांग उभी राहिली, पुढे सरकली. तिने ओठ दातांत धरून ठेवले होते, घट्ट, दुखेपर्यंत. डोळे उघडले नाहीत तर विमान जाणार होतं, आणि उघडले की समोर ती होती. रांगेत वीस माणसं उरली. मग नऊ. मग एक जोडपं आणि एक पेटी. दाराशी उभ्या असलेल्या बाईने ध्वनिवर्धकावरून त्याचं नाव घेतलं, शेवटचं म्हणून.

त्याने डोळे उघडले. आधी दाराकडे बघेल असं तिला वाटलं होतं. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिने ओठ सोडवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दिवा लागलेला होता.

"होता!" मास्तर ओरडला. स्वतःचा आवाज केवढा आहे हे त्याला कुठून कळणार? सगळा कक्ष वळून बघू लागला. "लागलेला होता! पाहिला मी! पाहिला आणि विचारलं तुला! झालं?"

त्या एवढ्या माणसांत ही भाषा समजणारी ती एकटीच होती. अकरा वर्षं जे हवं होतं ते तिच्या मांडीवर येऊन पडलं होतं, आणि तिला थंडी वाजून आली. तिने रचलं नव्हतं तर. तो उठला, पिशवी अर्धवट खांद्यावर, तरी जाईना. तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. "बोल ना," तो म्हणाला. "आता काय बोलायचंय ते बोलून टाक. शिव्या दे. काहीतरी बोल." दाराशी असलेली बाई पुढे आली आणि तिने त्याच्या दंडाला हात लावला.

ती उठली. त्याच्याकडे पाठ केली. समोरच्या भिंतीवर पिण्याच्या पाण्याचा नळ होता आणि वर सूचनांची पाटी. तिने एक हात वर केला, न्यायाधीशाने निकाल वाचावा तसा, आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात, जशी ती एकेकाळी सेनापतींच्या तोंडून बोले तशी, पाटी आपल्या भाषेत वाचायला सुरुवात केली.

"पिवळं बटण दाबा. पाणी येईपर्यंत थांबा."

"काय?" मागून आवाज आला. "काय म्हणतेस? इकडे बघून बोल!"

"एका वेळी एकानेच वापरा." तिने मान हलवली, खांदे उडवले, बोट नाचवलं. बोलण्यात काहीतरी फार मोठं आहे असं मागून दिसायला हवं होतं.

"टकळे! अगं, इकडे बघ! काय म्हणालीस?"

कुणीतरी त्याला नेत होतं. बूट घासटल्याचा आवाज, पिशवी पडल्याचा, उचलल्याचा. पुढे त्याला आठ तास त्या छोट्या खोलीत आडवं पडायचं होतं, आणि हे काय होतं ते तो कुणाला विचारणार होता?

"बाटली नळाला टेकवू नका," ती म्हणाली, आणि दार लागल्याचा आवाज येईपर्यंत पुन्हा वरून वाचत राहिली.